टी वेगळी, फटके किती? गोल्फ हँडिकॅपच्या हिशेबाची पार्श्वभूमी

गोल्फमध्ये एकजण मागच्या टीवरून (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा) आणि दुसरा पुढच्या टीवरून खेळला, तर मागच्याला किती फटके जास्त द्यायचे? नियमाने याचं उत्तर दिलेलं आहे. तरीही घोळ होतो, कारण २०२० मध्ये हिशेबाची पद्धत बदलली आणि हाताला जुनीच सवय राहिली.

हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. अमेरिकेत यूएसजीए या गोल्फ संघटनेने १९११ मध्ये देशभरासाठी एकच हँडिकॅप पद्धत स्वीकारली. पुढे प्रत्येक टीला कोर्स रेटिंग मिळालं, म्हणजे तिथून किती फटके अपेक्षित आहेत तो आकडा, पण हा आकडा फक्त स्क्रॅच खेळाडूपुरता (शून्य हँडिकॅपवाल्यापुरता) होता. कोर्स अवघड झाला की कच्च्या खेळाडूचे फटके त्याहून जास्त वाढतात, हे त्यात दिसत नव्हतं. ही उणीव डीन नुथ यांच्या कामातून आलेल्या स्लोपने, म्हणजे कच्च्या खेळाडूला कोर्स किती जास्त अवघड जातो ते सांगणाऱ्या आकड्याने, भरून काढली. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो, प्रमाण कोर्सचा ११३. अमेरिकेत तो १९८७ पासून देशभर लागू होऊ लागला.

तेव्हाचं सूत्र होतं: इंडेक्स (खेळाडूचा मूळ हँडिकॅप आकडा) गुणिले स्लोप, भागिले ११३. कोर्स रेटिंग त्यात नव्हतंच. म्हणून टी वेगळ्या असतील तर दोन रेटिंगमधला फरक पूर्णांकात करून जास्त रेटिंगवाल्याला वरून द्यावा लागे. समजा दोघांचाही इंडेक्स १२.० आहे. मागच्या टीचं रेटिंग/स्लोप ७३.१/१३४, पुढचीचं ६९.४/१२१, पार (कोर्सचे ठरलेले फटके) दोन्हीकडे ७२. जुन्या हिशेबाने १४ आणि १३. रेटिंगचा फरक ३.७, म्हणजे ४. मागच्याचे झाले १८, आणि दोघांतलं अंतर ५.

२०२० च्या जागतिक हँडिकॅप पद्धतीने सूत्रातच रेटिंग वजा पार मिळवलं. आता मागच्याचे १४.२३ अधिक १.१, म्हणजे १५, पुढच्याचे १२.८५ वजा २.६, म्हणजे १०. अंतर पुन्हा ५. फरक सूत्रात आधीच आलेला असतो. इथे सवयीने आणखी ४ दिले की अंतर ९ होतं आणि सामना तिथेच बिघडतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

वरून द्यायचा राहतो तो फक्त पारचा फरक. पुढच्या टीचा पार ७१ असता, तर तिथल्या खेळाडूला ११ मिळाले असते. स्ट्रोक प्ले (एकूण फटक्यांची स्पर्धा) किंवा मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकण्याची स्पर्धा) पार ७२ वाल्याला आणखी १ द्यायचा. १६ आणि ११, अंतर तेच ५. स्पर्धेच्या प्रकारानुसार टक्केवारी असेल (वैयक्तिक स्ट्रोक प्लेला हँडिकॅपच्या ९५ टक्के), तर ती आधी लावावी आणि पारचा फरक नंतर मिळवावा.

ब्रिटन आणि आयर्लंडने रेटिंग वजा पार हा भाग सुरुवातीला सूत्राबाहेर ठेवला आणि २०२४ मध्ये आत घेतला. त्यामुळे तिथला त्याआधीचा तक्ता आज वापरू नये. आणखी एक गोष्ट नेहमी निसटते: एकाच टीला पुरुष आणि स्त्रियांसाठी रेटिंग, स्लोप आणि कधी पारही वेगळे असतात. मिश्र गट एकाच टीवरून खेळला, तरी हा सगळा हिशेब करावाच लागतो.