धुळे–सोलापूर महामार्ग: रुंदीकरणानंतर धोका कुठे सरकला?

१९४८ पर्यंत या रस्त्याची दोन्ही टोकं मुंबई प्रांतात आणि मधला कन्नड–बीड–तुळजापूर पट्टा निजामाच्या राज्यात होता. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग २११ झाला आणि २०१० च्या फेरक्रमांकनात ५२. हा ५२ पंजाबातल्या संगरूरहून निघतो आणि कर्नाटकात अंकोल्याला किनारी महामार्ग ६६ ला मिळतो. म्हणजे परराज्यांतले ट्रेलर आणि आपल्या उसाचे ट्रॅक्टर एकाच डांबरावर.

दुपदरी असताना भीती होती ती ओव्हरटेक करताना समोरासमोर होणाऱ्या धडकेची. चौपदरीकरणात दुभाजक आला, तशी ती कमी झाली. पण शेत एका अंगाला, गाव दुसऱ्या अंगाला राहिलं. यू-टर्न दूर असला की माणूस उलट्या बाजूने निघतो, नाहीतर दुभाजक फोडतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पंधरा मीटरच्या आसपास लांब, आणि दुभाजक जेमतेम चार-पाच मीटर रुंद! वळायला थांबला की मागची ट्रॉली वेगाच्या लेनमध्ये आडवी उभी राहते. अशा जागी नुसता फलक लावून भागत नाही. वळणाआधी थांबायला वेगळी लेन, सलग सर्व्हिस रोड आणि ट्रॉली जाईल एवढा भुयारी मार्ग, हेच खरे उपाय.

उसाच्या गाळप हंगामात रात्री धोका वाढतो. ताशी १०० किलोमीटरच्या गाडीला सुरक्षित थांबायला साधारण १८० मीटर अंतर लागतं. डिपरचा उजेड तेवढा लांब पोचतच नाही. ट्रॉलीला रिफ्लेक्टर असला तरी लोंबत्या वाढ्यांखाली (उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली) झाकतो, चिखलाने माखतो. म्हणून रिफ्लेक्टरची लाल पट्टी शेवटच्या ट्रॉलीच्या दोन्ही कोपऱ्यांवर, मोळ्यांच्या बाहेर दिसेल अशी हवी आणि ती प्रत्येक खेपेला पुसायला हवी. लाल फडकं अंधारात कुणालाच दिसत नाही.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यातून साइडपट्टी खचते आणि दुचाकी घसरते. तिथे वरवर मुरूम टाकून उपयोग नाही. आधी पाणी वाहून जाण्याची सोय, मग न फुगणाऱ्या मातीचा अर्धा मीटर थर.

कन्नडचा औट्रम घाट मात्र दुपदरीच राहिला. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेल्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात. ऑगस्ट २०२१ मध्ये इथे दरडी कोसळल्या. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटात जड वाहनांना बंदी आली आणि ती वाहनं नांदगावमार्गे वळवली गेली. बोगद्याची मागणी जुनीच आहे, पण घाटाला गौताळा अभयारण्य लागून आहे.