आलेला, पण न पोचलेला मेल

प्लेसमेंटच्या हंगामात सांगलीत विश्रामबागेतल्या कुठल्याही कॉलेजात हा संवाद हमखास कानावर पडतो. "सर, मेल आलाच नाही." "अरे, सगळ्यांना गेलाय. स्पॅममध्ये बघितलंस का?" "बघितलं सर, तिथंही नाही." दोघंही खरं बोलत असतात. मेल कॉलेजच्या यंत्रणेपर्यंत आलेला असतो, पण पोराच्या खात्यात उतरलेला नसतो. मधेच कुठंतरी तो अडवून ठेवलेला असतो, क्वारंटाइनमध्ये.

स्पॅम फोल्डर आणि क्वारंटाइन यांत लोक गल्लत करतात. स्पॅम फोल्डर तुमच्याच खात्यात असतो. तिथला मेल फोनवर दिसतो, उघडता येतो. क्वारंटाइन मात्र सर्व्हरवर असतं. तिथला मेल तुमच्या खात्यात आलेलाच नसतो, त्यामुळे मेल अ‍ॅपमध्ये कितीही शोधलं तरी सापडत नाही. मायक्रोसॉफ्टची सेवा घेणाऱ्या कॉलेजांत विद्यार्थ्याला आपलं क्वारंटाइन वेगळ्या पानावर बघता येतं. गुगलच्या सेवेत अडवलेले मेल फक्त अ‍ॅडमिनला दिसतात, विद्यार्थ्याच्या वाट्याला स्पॅम फोल्डर तेवढा येतो.

एवढा खटाटोप का करावा लागतो? 1978 च्या मे महिन्यात गॅरी थ्यूर्क नावाच्या अमेरिकन विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या नेटवर्कवरच्या सुमारे 400 जणांना एकदम पाठवली. पहिला स्पॅम म्हणून तोच ओळखला जातो. पण खरी अडचण 1982 ची. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे कसा जावा याचे नियम त्या वर्षी ठरले आणि पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे तपासायची सोय त्यांत नव्हती. 'प्राचार्य' असं नाव लावून कुणीही मेल पाठवू शकत होतं. तेव्हा नेटवर्कवर मोजकी, एकमेकांना ओळखणारी माणसं होती, म्हणून ते खपून गेलं. आजचे सगळे फिल्टर हे त्या राहून गेलेल्या तपासणीवर नंतर लावलेलं ठिगळ आहे.

फिल्टर ठरवतो कसं? त्यामागची एक जुनी कल्पना अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाची. समजा कॉलेजात आलेल्या 1000 मेलपैकी 400 स्पॅम आहेत. 'तातडीचे' हा शब्द त्या 400 पैकी 120 मध्ये आहे आणि उरलेल्या 600 चांगल्या मेलपैकी 30 मध्ये. आता हा शब्द असलेला नवा मेल आला, तर तो स्पॅम असण्याची शक्यता 150 पैकी 120, म्हणजे 80 टक्के. त्यातच 'इंटर्नशिप' हा शब्दही आहे आणि तो चांगल्या मेलमध्ये स्पॅमच्या दुप्पट प्रमाणात येतो असं धरलं, तर शक्यता 67 टक्क्यांपर्यंत उतरते. असे शेकडो पुरावे एकत्र करून, म्हणजे शब्द, दुवे, पाठवणाऱ्याचा पूर्वेतिहास, अटॅचमेंटचा प्रकार असं सगळं बघून, मेलला गुण दिले जातात. आजचे फिल्टर याहून बरेच गुंतागुंतीचे आहेत, पण शेवटी हाती येतो तो अंदाजच.

आणि अंदाज म्हटला की रेघ कुठंतरी ओढावी लागते. तासगावच्या बेदाणा शेडवर चाळणीचं भोक मोठं ठेवलं तर काड्या खाली येतात, बारीक ठेवलं तर चांगला मालही वर अडकतो. फिल्टरचंही तसंच. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी रेघ सापडत नाही. म्हणून तर क्वारंटाइन आहे: यंत्राला संशय आहे, पण परस्पर पुसून टाकण्याचा अधिकार त्याला द्यायचा नाही.

कॉलेजच्या मेलचं दुखणं आणखी वेगळं. पाठवणारा खरा आहे का हे तपासायला आता एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा तीन पद्धती आहेत. एसपीएफमध्ये प्रत्येक संस्था 'आमचे मेल या सर्व्हरांवरूनच निघतात' अशी यादी जाहीर करते. आता कंपनीचा मेल विभागाच्या पत्त्यावर आला आणि तिथून तो आपोआप पोरांकडे फॉरवर्ड झाला, तर तो येतो कॉलेजच्या सर्व्हरवरून, जो कंपनीच्या यादीत नसतोच. एसपीएफ नापास! डीकिमची डिजिटल सही मजकुराला जोडलेली असते, ती फॉरवर्ड होऊनही टिकते. पण मधल्या मेल-ग्रुपने मेलखाली स्वतःची एक ओळ चिकटवली की तीही मोडते. या दोन्हींपैकी एक तरी मेलवर दिसणाऱ्या पत्त्याच्या नावाने पास आहे का, हे डीमार्क बघतं, म्हणजे तेही नापास. मग बिचारा खरा मेल अडकतो. उलट भामट्याने स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, विकत घेऊन तिन्ही गोष्टी नीट लावल्या, तर तो सगळीकडे पास होतो. पास याचा अर्थ 'पत्ता खरा' एवढाच, 'माणूस भला' असा नव्हे. संगणकावर जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांखाली 'शो ओरिजिनल' दाबलंत, तर तिन्हींचा निकाल वरच लिहिलेला दिसतो. एकदा बघाच.

क्वारंटाइनची यादी उघडल्यावर आधी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचावा, नुसतं नाव नव्हे. इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवले की ते एम वाटतात; या युक्तीवर बऱ्याच फसवणुकी चालतात. मेल ओळखीचा वाटला तर आधी प्रिव्ह्यू बघावा, मग 'रिलीज' करावा. फिशिंगचा, म्हणजे फसवून पासवर्ड काढून घेण्याचा, दाट संशय असलेला किंवा व्हायरस सापडलेला मेल मायक्रोसॉफ्टमध्ये सहसा विद्यार्थ्याला सोडवता येत नाही, तो अ‍ॅडमिनच्या हातात असतो. ते बरंच आहे. अडकलेला मेल तिथं जास्तीत जास्त 30 दिवस राहतो, काही ठिकाणी 15 च. मुदत संपली की परत मिळत नाही. त्यामुळे मुलाखतींच्या दिवसांत यादीवर दर दोन-तीन दिवसांनी नजर टाकलेली बरी.

'तुमचे 5 मेल क्वारंटाइनमध्ये आहेत, सोडवण्यासाठी इथे क्लिक करा' असा मेल खराही असतो आणि खोटाही. भामट्यांना हा नमुना फार आवडतो, कारण त्यात पासवर्ड मागणं स्वाभाविक वाटतं. त्या बटणाच्या वाटेला न जाता क्वारंटाइनचं पान स्वतः उघडावं.

विद्यार्थ्याच्या पासवर्डचं चोराला काय करायचंय, असं वाटेल. त्याला हवं असतं ते कॉलेजचं डोमेन. त्या खात्यातून निघालेला स्पॅम तिन्ही तपासण्यांत पास होतो, हजारोंनी बाहेर जातो आणि चार दिवसांत डोमेनची पत घसरते. मग प्लेसमेंट सेलने पुण्याच्या कंपनीला पाठवलेली मुलांची यादी त्या कंपनीच्या क्वारंटाइनमध्ये जाऊन बसते आणि तिथून ती सोडवायची चावी सांगलीत कुणाकडेच नसते.