परतीचा पाऊस आणि ज्वारीचा हिशेब: पार्श्वभूमी

महाराष्ट्रात ज्वारीचा पेरा का घटला, असं विचारलं की रेशनचा गहू आणि वाढलेला ऊस ही दोन कारणं पुढे येतात. दोन्ही खरी. पण पावसावाचून तग धरणाऱ्या या पिकाचं कंबरडं मोडण्यात पावसाचाही मोठा हात आहे.

खरिपाची जुनी गावरान ज्वारी उंच आणि उशिरा निसवणारी, म्हणजे उशिरा कणीस बाहेर टाकणारी. पाऊस ओसरल्यावर कणसात दाणा भरायचा. 1964 मध्ये सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण आलं. बुटकं, लवकर येणारं, उताऱ्याला भारी. 1972 च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो ज्वारी खाल्लेल्या पिढीला आणखी काय हवं होतं? अडचण एकच: हे कणीस पावसातच पिकतं. तेव्हा झड लागली की दाण्यावर बुरशी चढते आणि तो काळा पडतो. अडत्या मूठभर दाणे तळहातावर पसरतो, फुंकर मारतो आणि भाव पाडतो. असा माल मग कोंबडीखाद्याला जातो. पोती भरली, पण पैसा झाला नाही, असं बऱ्याचदा झाल्यावर विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी सोयाबीन आणि कापूस धरला. आज राज्यात सोयाबीनच 50 लाख हेक्टरच्या आसपास आहे.

पाऊस लांबतो, हे आता नुसतं पारावरचं गाऱ्हाणं राहिलेलं नाही. हवामान खात्याने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखाच बदलल्या. वायव्य राजस्थानातून माघारीची सुरुवात 1 ऐवजी 17 सप्टेंबर, तर मुंबईतून निरोप 29 सप्टेंबरऐवजी 8 ऑक्टोबर.

रब्बीची मालदांडी या तडाख्यातून सुटेल असं वाटायचं. 1930 च्या दशकात मोहोळला निवडलेलं हे वाण काळ्या रानातल्या मुरलेल्या ओलीवर येतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मालदांडीची पेरणी हस्त नक्षत्राच्या आगेमागे, पण त्यासाठी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी सुकलेली ओल हवी. ऑक्टोबर 2020 ची अतिवृष्टी किंवा सप्टेंबर 2025 मधला सीना नदीचा पूर, अशा वर्षी रानात पाणीच उभं राहतं. पेरणी लांबली की दाणा भरण्याच्या वेळी ओल संपते. मग कुणी हरभऱ्याकडे वळतो.

तोट्याचा दुसरा अर्धा भाग कडब्याचा, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या चाऱ्याचा. कोरडवाहू घरात जनावरं त्यावरच उन्हाळा काढतात आणि उरलेल्या पेंढ्या शेकड्याने विकून हातखर्च भागतो. पीकविम्याचं गणित मात्र दाण्याच्या उताऱ्यावर चालतं, त्यात कडब्याला जागाच नाही. माझ्या मते सरकारी हिशेबातली ही सर्वांत मोठी चूक आहे.

2025-26 चा हमीभाव मालदांडीला क्विंटलमागे 3749 रुपये, संकरित ज्वारीला 3699. फरक अवघा 50 रुपयांचा. बार्शी-सोलापूरच्या बाजारात चांगल्या मालदांडीला यापेक्षा बरंच जास्त मोजतात, फक्त दाणा पांढरा आणि टपोरा हवा.