दवाखान्यात नेलं की 'डोकं कायमचं जातं'?

"स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दवाखान्यात ठेवलं की डोकं कायमचं जातं, नेऊच नका." हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. भीती उगाच नाही. खुब्याचं हाड मोडून दाखल झालेली आजी तिसऱ्या रात्री सलाईन उपसते, लेकीला ओळखत नाही, हे अनेकांनी पाहिलंय.

पण स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आलेला गोंधळ बहुधा डिलिरियम असतो, म्हणजे शरीरातल्या दुसऱ्या दुखण्यामुळे किंवा औषधामुळे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ. त्यामागे लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, वेदना किंवा नवं औषध असू शकतं. कारण सापडून उपचार झाले की तो बरेचदा उतरतो. काहींना आठवडे लागतात, काही पूर्ण पूर्ववत होत नाहीत, हेही खरं. पण न नेल्यानं मूळ दुखणं तसंच राहतं.

ओळखायचं कसं? सकाळी बरी, संध्याकाळी भ्रमिष्ट, असा चढउतार दिसतो का? परवापर्यंत आठवड्याचे वार उलट्या क्रमानं म्हणणारी आज शनिवार-शुक्रवारवरच अडखळते का? तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, "ही आधी अशी नव्हती." हे घरच्यांनाच ठाऊक असतं.

आणि हरवेल म्हणून चष्मा, कानाचं यंत्र कपाटात ठेवून जाऊ नका. ते सोबत हवंच. घरी सोडताना कुठली जुनी गोळी बंद, कुठली नवी सुरू, हे कागदावर लिहून घ्या.