पोटाचा व्यायाम निवडताना आधी कण्याचा विचार

उन्हाळ्यात मराठवाड्यात सकाळी आठनंतर मैदानावर थांबवत नाही. म्हणून लातूर, बीड, परभणीकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे पाचलाच ग्राउंडवर हजर असतात. धावण्यासाठी ही वेळ उत्तम. सिट-अपसाठी, म्हणजे उताणं झोपून उठून बसण्याच्या व्यायामासाठी, मात्र दिवसातली सर्वांत वाईट वेळ हीच, आणि नेमक्या त्याच वेळी जोडीदाराने पाय दाबून धरायचे आणि पन्नास-पन्नासचे सेट मारायचे, हा प्रकार सर्रास चालतो.

कारण मणक्यांमधल्या गादीत आहे. रात्रभर आडवं पडल्यावर ही गादी, म्हणजे चकती, पाणी शोषून फुगते. त्यामुळेच माणूस सकाळी उठल्यावर रात्रीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच भरतो. फुगलेली गादी वाकायला कडक असते. अ‍ॅडम्स, डोलन आणि हटन या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवलं, की पहाटे पुढे वाकताना चकतीवरचा ताण नंतरच्या वेळेपेक्षा सुमारे 300 टक्क्यांनी आणि अस्थिबंधांवरचा (मणक्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या पट्ट्यांवरचा) सुमारे 80 टक्क्यांनी जास्त असतो. उठून हिंडू-फिरू लागल्यावर जादा पाण्यातलं बरंचसं पहिल्या तासाभरात निघून जातं. म्हणून आधी चालणं, धावणं, गोळाफेकीचा सराव. पोटाचे व्यायाम शेवटी, नाहीतर सरळ संध्याकाळी.

भरतीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. राज्यातल्या अलीकडच्या पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि 100 मीटर धावणं आणि गोळाफेक असते. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर. सिट-अपला गुण नाहीत. मुलांचा गोळा 7.26 किलोचा. तो फेकताना जोर पायांतून निघतो आणि कमरेतून हातापर्यंत पोचतो. कंबर मध्येच लचकली, तर तो जोर तिथेच वाया जातो. पोटाच्या स्नायूंकडून इथे वाकण्याची अपेक्षा नसते, कंबर घट्ट धरून ठेवण्याची असते.

पोटाच्या भिंतीत चार मुख्य स्नायू आहेत: मधोमध वरून खाली उतरणारा सरळ स्नायू (सिक्स पॅक म्हणतात तो हाच), दोन्ही बाजूंना तिरप्या धाग्यांचे बाहेरचा आणि आतला असे दोन, आणि सगळ्यांत आत कमरेला पट्ट्यासारखा वेढणारा आडवा. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे पाठीचे स्नायू. प्रयोगशाळेत स्नायू काढून टाकलेला कमरेचा कणा जेमतेम 90 न्यूटन, म्हणजे नऊ-दहा किलोच्या भाराखाली वाकून ढासळतो. मोंढ्यातला हमाल पाठीवर 50 किलोचं पोतं सहज नेतो, ते या स्नायूंच्या जोरावर. मांडवाच्या खांबाला चारही बाजूंनी दोर ताणलेले असतात म्हणून तो उभा राहतो, तसंच हे काम आहे. एकच दोर जास्त ओढला तर खांब कलतो. फक्त पुढच्या स्नायूला राबवण्यात हाच धोका आहे.

आता सिट-अपचा हिशोब. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी वेगवेगळ्या व्यायामांत कमरेच्या मणक्यांवर किती दाब येतो ते मोजलं. नेहमीच्या एका सिट-अपला तो सुमारे 3,300 न्यूटन, म्हणजे 335 किलोंच्या आसपास येतो. गुडघे वाकवले तरी फार कमी होत नाही. अमेरिकेतली नायॉश ही कामगार-सुरक्षा संस्था ओझं उचलणाऱ्यांसाठी 3,400 न्यूटनची मर्यादा धरते. म्हणजे दर सिट-अपला आपण त्या मर्यादेजवळ जातो, तेही कणा वाकलेल्या स्थितीत. पाय दाबून धरले की काम मांडीच्या वरच्या, थेट कमरेच्या मणक्यांना जोडलेल्या स्नायूंकडे जातं. ते पोट कमी आणि कंबर जास्त ओढतात. अमेरिकी नौदलाने 2021 मध्ये शारीरिक चाचणीतून सिट-अपच्या धाटणीचा व्यायाम काढून प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पावलांवर अंग सरळ धरून ठेवणं, आणला. तिथल्या लष्कराच्या चाचणीतही आता प्लँकच आहे.

मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम घरी सतरंजीवर होतात, साधन लागत नाही.

पहिला कर्ल-अप. उताणं झोपा. एक गुडघा वाकवून तळवा जमिनीवर, दुसरा पाय सरळ. दोन्ही हातांचे तळवे कमरेखालच्या पोकळीत घाला. ही पोकळी व्यायामभर तशीच राहिली पाहिजे. हातांवर कंबर दाबली गेली, तर चुकतंय. पोटात कुणी बोटाने टोचणार आहे असं समजून पोट घट्ट करा, आत ओढू नका. मग डोकं आणि खांदे मिळून जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच उचला. नजर छताकडे, हनुवटी छातीला टेकवायची नाही. मानेत ताण आला तर जीभ टाळूला लावून पाहा. 8 ते 10 सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, खाली या. एवढीशी हालचाल पाहून अनेकांना हा व्यायामच वाटत नाही आणि ते उठून बसायला लागतात. तिथेच सगळा फायदा जातो. सेट झाल्यावर पाय बदला. अवघड करायचा असेल तर कोपरं जमिनीवरून उचला.

दुसरा साइड प्लँक. कुशीवर झोपून कोपर खांद्याच्या बरोबर खाली ठेवा, गुडघे वाकवा आणि कंबर उचला. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेघ. कोपर पुढे सरकलं की खांदा दुखतो; कंबर मागे गेली की बाजूचे स्नायू सुटतात. गुडघ्यांवर सहज जमू लागल्यावर पाय सरळ करून पावलांवर करा. तिरप्या स्नायूंना चांगलं काम आणि कण्यावर तुलनेने कमी दाब, म्हणून हा फार मोलाचा आहे. मुलं याला कंटाळतात, पण टाळू नये.

तिसरा बर्ड-डॉग. हात-गुडघ्यांवर ओणवं व्हा. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही पाठीच्या पातळीपर्यंतच. पाय त्याहून वर गेला की कंबर खचते. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवून पाहा. सांडला तर कंबर फिरतेय. सुरुवातीला नुसता पाय उचलला तरी चालेल.

मात्रा महत्त्वाची. एकदा एक-दोन मिनिटं धरून थरथरण्यापेक्षा 10-10 सेकंदांचे तुकडे बरे. पहिल्या सेटला 6, दुसऱ्याला 4, तिसऱ्याला 2, असं उतरत जा. दमलेला स्नायू ढब बिघडवतो. उतरत्या आकड्यांमुळे शेवटचा तुकडाही नीट होतो. हे जमलं की हात सरळ धरून प्लँक घ्या. नंतर एका हातात पाण्याने भरलेली 10 लिटरची बादली घेऊन, खांदे सपाट ठेवून 20-30 पावलं चाला आणि हात बदला. दुसऱ्या बाजूचे तिरपे स्नायू कसे कामाला लागतात ते लगेच जाणवतं.

काय सोडावं? उताणं पडून दोन्ही पाय एकदम उचलणं, कंबर जमिनीवरून सुटत असेल तर. वजन घेऊन बसल्या बसल्या झटक्याने कंबर फिरवणं. आणि पालथं पडून हात-पाय एकदम उचलायचा तो ‘सुपरमॅन’, ज्यात कमरेवरचा दाब 6,000 न्यूटनपर्यंत जातो.

यांपैकी काहीही केलं तरी फक्त पोटावरची चरबी त्यामुळे उतरत नाही. 2011 मधल्या एका प्रयोगात 24 जणांपैकी एका गटाने आठवड्यातून 5 दिवस, 6 आठवडे पोटाचे व्यायाम केले. ताकद वाढली, पोटाचा घेर तेवढाच राहिला. चरबीसाठी चालणं आणि ताटाकडे पाहणं, हाच मार्ग.

खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोड करणाऱ्यांचा कणा दिवसभर वाकलेलाच असतो. त्यांना सिट-अप मुळीच नकोत. साइड प्लँक आणि बर्ड-डॉग पुरेत. वीसेक मिनिटं पूर्ण वाकून काम केलं की कण्याचे अस्थिबंध सैलावतात. ताठपणा निम्मा परत यायला सुमारे 2 मिनिटं लागतात, पूर्ण यायला अर्ध्या तासाहून जास्त. म्हणून पातीवरून उठल्या उठल्या गाठोडं किंवा मोळी उचलू नये. आधी कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहावं, चार पावलं चालावं, मग पोट घट्ट करून उचलावं.

हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर बायकांनी पुढे वाकायचे व्यायाम करूच नयेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या 1984 मधल्या अभ्यासात फक्त पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 89 टक्के जणींच्या मणक्यांना नव्याने मोड झाली. पाठ मागे ताणणाऱ्यांत ती 16 टक्के होती. अभ्यास 59 जणींचाच, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

बाळंतपणानंतर उताणं झोपून, गुडघे वाकवून डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर मधोमध बोटं टेकवा. दोनहून जास्त बोटांची फट लागली किंवा तिथे उंचवटा आला, तर सिट-अप, प्लँक थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा. पोट बांधल्याने आधार वाटतो, स्नायू भरत नाहीत. सिझर झालेलं असेल किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन, तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय सुरुवात नको. खोकताना जांघेत किंवा बेंबीपाशी फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो; आधी तपासणी. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखू नये.

व्यायामानंतर पोटाचे स्नायू दोन दिवस दुखले तर ते साहजिक आहे. कळ कमरेतून गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर व्यायाम बंद करून डॉक्टरांकडे जा. बसण्याच्या जागेची संवेदना गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.