लायसन्स घेतलं की मिळून बनवलं?

जळगाव एमआयडीसीत कुणी म्हणालं, "भाऊ, अमक्या कंपनीशी टाय-अप झालं," की समोरचा अभिनंदन करतो आणि चहा सांगतो. नेमकं काय झालं, हे कुणी विचारत नाही. परदेशी कंपनीची ड्रॉइंग आणि साचे रॉयल्टीवर घेतले तरी टाय-अप, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेबरोबर नवं काही शोधायला बसलं तरी टाय-अपच. पेपरातल्या फोटोतही दोन्हीकडे तेच पुष्पगुच्छ असतात.

खरं तर हे दोन अगदी वेगळे व्यवहार आहेत. पहिल्यात दुसऱ्याने आधीच शोधलेली वस्तू बनवायची परवानगी तुम्ही विकत घेता. दुसऱ्यात अजून अस्तित्वात नसलेली वस्तू दोघं मिळून घडवता. पैसा कधी द्यायचा, आपला कुठला माणूस त्यात घालायचा, भांडण कशावरून होणार, हे सगळं दोन्हीकडे निराळं असतं. करार चालू असेपर्यंत हा फरक फारसा जाणवत नाही. करार संपला की मात्र आपल्याकडे काय उरलं ते मोजावं लागतं, आणि तिथे दोन्हींची बेरीज वेगळी येते.

आपल्यातल्या बहुतेकांच्या दंडावर या दोनपैकी एका व्यवहाराची खूण आहे. ३ जानेवारी २०२१ रोजी भारतात दोन लशींना तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. कोविशील्ड ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका यांची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती लायसन्सवर बनवली. कोव्हॅक्सिनची गोष्ट वेगळी. आयसीएमआर म्हणजे सरकारची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिच्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विषाणू वेगळा केला, तो हैदराबादच्या भारत बायोटेकला दिला, आणि पुढचं काम दोघांनी मिळून केलं. लसीकरण केंद्रावरच्या रांगेत चर्चा मात्र एवढीच, की कुठलीने ताप कमी येतो.

आधी लायसन्स. लोकांना वाटतं, लायसन्स घेतलं म्हणजे तंत्रज्ञान आलं. येते ती परवानगी, आणि करारात लिहिलं असेल तेवढीच माहिती. पेटंट वापरायची मुभा, ड्रॉइंग, कच्च्या मालाचे निकष, मशीनची सेटिंग्ज, काही आठवड्यांचं प्रशिक्षण, जमलं तर ब्रँडचं नाव. बदल्यात एकरकमी फी, विक्रीवर रॉयल्टी, आणि बऱ्याचदा किमान रॉयल्टीची हमी, म्हणजे माल खपो न खपो, तेवढे द्यायचेच. वर मर्यादा: अमुक राज्यांतच विका, तमुक देशांत निर्यात नको. एकेकाळी या रॉयल्टीवर सरकारचंही बंधन होतं. देशांतर्गत विक्रीवर ५ आणि निर्यातीवर ८ टक्क्यांपर्यंतची रॉयल्टी सरकारी मंजुरीशिवाय देता येई, त्याहून जास्त द्यायची तर दिल्लीची परवानगी लागे. २००९ च्या डिसेंबरात ही मर्यादा उठली. आता दर ठरतो तो दोघांच्या सौदेबाजीत, आणि अशा सौद्यात लहान कारखानदाराची बाजू बहुधा पडतीच असते.

सीरमला कोविशील्ड बनवणं जमलं, कारण तिच्याकडे १९६६ पासूनचा लस बनवण्याचा अनुभव होता. हीच कागदपत्रं कोऱ्या कंपनीच्या हाती दिली असती तर ती कपाटात राहिली असती. वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिंथल या अभ्यासकांनी १९९० मध्ये हेच मांडलं होतं: बाहेरचं ज्ञान ओळखून, पचवून वापरण्याची कंपनीची ताकद तिच्या आधीच्या ज्ञानावर अवलंबून असते. म्हणून "आपल्याला काही येत नाही, म्हणून लायसन्स घेतो" हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते. थोडंफार येत असेल त्याने लायसन्स घ्यावं.

दुचाकीच्या धंद्याने हा धडा महाग शिकवलाय. हीरो आणि होंडा १९८४ साली एकत्र आले, पुढच्या वर्षी सीडी १०० आली, १९९४ ला स्प्लेंडर. खान्देशात आजही शेताच्या बांधाला टेकलेली स्प्लेंडर शोधावी लागत नाही. ती कंपनी दोघांची होती म्हणून लोक तिला एकत्रित संशोधनाचं उदाहरण समजतात. तसं ते नव्हतं. शेअर दोघांचे होते, पण इंजिनाचं तंत्रज्ञान होंडाचं होतं आणि त्यापोटी रॉयल्टी जात होती. निर्यातीवर मर्यादा होत्या. शिवाय १९९९ मध्ये होंडाने भारतात स्वतःची वेगळी कंपनीही काढली. डिसेंबर २०१० मध्ये दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं, होंडाकडचे २६ टक्के शेअर हीरोच्या घराण्याने घेतले, आणि मग प्रश्न उभा राहिला तो इंजिन कोण बनवणार याचा. देशात सगळ्यात जास्त दुचाकी विकणाऱ्या कंपनीला त्या वेळी डिझाइनसाठी अमेरिकेच्या एरिक ब्यूएल रेसिंगसारख्यांकडे जावं लागलं, आणि तीही २०१५ मध्ये कर्जात बुडाली. जयपूरजवळचं हीरोचं मोठं संशोधन केंद्र उभं राहिलं ते २०१६ साली. म्हणजे करार सुरू झाल्यावर बत्तीस वर्षांनी. त्या लायसन्सने कंपनीला अफाट पैसा मिळवून दिला हे खरंच, त्यामुळे तो सौदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण पैशाबरोबर शिकणंही आपोआप होईल, असं कुणी धरून चाललं असेल तर तसं झालं नाही.

याच्या बरोबर उलट टीव्हीएस आणि बीएमडब्ल्यूचं. २०१३ मध्ये करार झाला, पण सामाईक कंपनी काढली नाही. दोघांनी मिळून ३१० सीसीच्या गाड्यांचा एक सामाईक पाया (प्लॅटफॉर्म) विकसित केला, उत्पादन तामिळनाडूत होसूरला. त्यावरून बीएमडब्ल्यूने आपली जी ३१० आर काढली आणि टीव्हीएसने आपली अपाचे आरआर ३१०. बाजारात दोघं आपापल्या नावाने उभे. कंपनी सामाईक असली म्हणजे तंत्रज्ञान सामाईक असतंच असं नाही, आणि तंत्रज्ञान सामाईक करायला कंपनी सामाईक असावी लागतच नाही. हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे, तेही सही करायच्या आधी.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर लायसन्स म्हणजे खंडाने घेतलेलं शेत: पीक तुमचं, जमीन त्याची, मुदत संपली की बांधाबाहेर. एकत्रित विकास बटाईच्या जवळचा: कष्ट नि खर्च दोघांचा, वाटा ठरलेला. फक्त बटाईत जमीन कुणाची हा वाद नसतो. इथे नवी जमीनच तयार होते, आणि ती सातबाऱ्यावर कुणाच्या नावे चढणार ते आधी लिहून ठेवलं नाही तर पुढे तेवढाच वाद उरतो.

कोव्हॅक्सिनचंच बघा. विक्रीवर आयसीएमआरला रॉयल्टी मिळेल हे ठरलेलं होतं. पण पेटंटचा अर्ज भारत बायोटेकने केला त्यात आयसीएमआरचं नावच नव्हतं. २०२४ च्या जूनमध्ये हे बाहेर आलं, तेव्हा कंपनीने ती नजरचूक असल्याचं सांगितलं आणि आयसीएमआरचं नाव सहमालक म्हणून घालायची प्रक्रिया सुरू केली. एवढ्या मोठ्या दोन संस्था, साऱ्या देशाचं लक्ष, तरी असं घडलं. मग आपल्याकडे कारखान्याच्या ऑफिसात दोन पानांच्या सामंजस्य करारावर जे होतं, त्याचं नवल कशाला?

इथे भारतीय पेटंट कायद्यातलं कलम ५० माहीत असायला हवं. सहमालकांनी आपसात दुसरं काही ठरवलं नसेल तर प्रत्येकाला ते पेटंट स्वतः वापरता येतं, नफ्याचा हिशोब दुसऱ्याला न देता. पण दुसऱ्या सहमालकाच्या संमतीशिवाय तिसऱ्याला लायसन्स देता येत नाही, की आपला हिस्साही विकता येत नाही. आता एका बाजूला कारखाना आणि दुसऱ्या बाजूला विद्यापीठ असेल तर काय होतं? कारखाना माल बनवून विकत राहील आणि विद्यापीठाला एक रुपयाही न देता मोकळा राहील. विद्यापीठाकडे ना मशीन, ना गोडाऊन. त्याला पैसा मिळवायचा तर लायसन्सच द्यावं लागेल, आणि त्याला संमती हवी कारखानदाराची. कागदावर निम्मं-निम्मं, प्रत्यक्षात एकाच्या हातात सगळं. प्राध्यापकांना हे कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

समजा, एमआयडीसीतला ठिबकच्या नळ्या काढणारा एक मध्यम कारखानदार आहे. त्याच्या गिऱ्हाइकांची तक्रार एकच: विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांनी ड्रिपर, म्हणजे नळीतून थेंब थेंब पाणी सोडणारे तुकडे, चोकअप होतात, आणि सारखं ॲसिड सोडावं लागतं. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. बाहेरच्या कंपनीचा, गाळ नि क्षार कमी धरणारा तयार ड्रिपर लायसन्सवर घ्यायचा. किंवा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या रसायन तंत्रज्ञानाच्या लोकांबरोबर आपल्या भागातल्या पाण्यासाठी नवं काही शोधायचं.

पहिल्या वाटेने पुढच्या हंगामात माल बाजारात येतो. पण नळीला आयएस १३४८८ या भारतीय मानकाचा मार्क हवाच, नाहीतर अनुदानाच्या यादीत जागा नाही, आणि तो मार्क लायसन्सबरोबर मिळत नाही. एकसारखा प्रवाह देणारी नळी आपल्याच मशीनवर, आपल्याच ऑपरेटरच्या हातून निघावी लागते. म्हणून प्रशिक्षणाला मालकाच्या भाच्याला पाठवू नये. शिफ्ट सांभाळणारा जो माणूस आहे, त्याला पाठवावं, आणि फीचा शेवटचा हप्ता आपल्या कारखान्यात पास झालेल्या मालाशी बांधावा, सहीच्या तारखेशी नाही.

दुसऱ्या वाटेला वेळ लागतो, आणि दोघांची घड्याळं वेगळी चालतात. विद्यार्थ्याला प्रबंध सादर करायचाय, प्राध्यापकाला पेपर छापायचाय. कारखानदाराला मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळी लागवडीच्या, आधी माल हवा. केळीवर चाचणी घ्यायची तर लागवडीपासून घड कापेपर्यंत वर्षभर जातं. मृगबाग हुकली तर कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागवडीची, वाट बघा. शिवाय पेटंटचा अर्ज करण्याआधी पेपर छापला तर नवेपणाच संपतो आणि पेटंट बहुधा हातचं जातं. त्यामुळे आधी अर्ज, मग पेपर, हे करारात लिहायचं. तसंच कोण काय घेऊन आलं त्याची यादी पहिल्याच दिवशी करायची. कारखानदाराचा जुना साचा त्याचा, प्रयोगशाळेचं आधीचं रसायन तिचं, आणि या कामातून जे निघेल ते वेगळं. ही यादी नसेल तर तीन वर्षांनी जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ते कुणालाच सांगता येत नाही.

हेन्री चेसब्रो या अमेरिकी अभ्यासकांनी २००३ मध्ये 'ओपन इनोव्हेशन' हे नाव चालतं केलं, तेव्हापासून दोन्ही व्यवहार एकाच छत्रीखाली आले आणि गोंधळ वाढला. कंपनीत बाहेरून आत येणारं ज्ञान नि आतून बाहेर जाणारं, दोन्ही त्यात बसतं. ओपन म्हणजे फुकट, असाही समज आहे. तसं अजिबात नाही. त्यात प्रत्येक पायरीला करार असतो.

तिसरी वाटही आहे, पैसा असेल त्याला: कंपनीच विकत घ्यायची. जळगावच्याच जैन इरिगेशनने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या सिंचन कंपनीत निम्मा हिस्सा घेतला आणि पुढे उरलेलाही घेतला. पण कर्ज काढून असं करणं सगळ्यांना झेपतं असं नाही. तो विषय इथे वाढवत नाही.

व्यवहारात दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळतात, आणि खरी फसगत तिथे होते. लायसन्स घेतलेल्या कारखान्यातला हुशार फोरमन वर्षभरात ड्रिपरच्या साच्यात बारीक सुधारणा करतो, चोकअप निम्म्यावर येतं. ही सुधारणा कुणाची? अनेक करारांत एक ओळ असते, की तुम्ही केलेली प्रत्येक सुधारणा मूळ मालकाला परत द्यायची, आणि ती फक्त त्यालाच. पेटंटच्या लायसन्समध्ये अशी एकतर्फी अट घालणं भारतीय कायद्याच्या कलम १४० प्रमाणे बेकायदा आहे. तरी मसुद्यात ती येत राहते, कारण मसुदा दुसऱ्या देशातून येतो आणि इथला वकील फक्त पत्ता नि स्टॅम्प बघतो. ती ओळ सापडली की खोडायला लावायची. त्याऐवजी: सुधारणा आमची, तुम्हाला वापरायची मुभा, आम्हालाही करार संपल्यावर वापरायची मुभा. मोठ्या कंपन्याही हे मान्य करतात, पण मागावं लागतं.

आणि वादाचं कलम. सगळे दमलेले असतात, जेवणाची वेळ झालेली असते, त्या क्षणी ते वाचलं जातं. लवाद सिंगापूरला किंवा लंडनला लिहिलेला असेल, तर पंचवीस लाखांच्या थकलेल्या रॉयल्टीसाठी तिथला वकील परवडणार नाही, म्हणजे हक्क असून नसल्यासारखा. मुंबई लिहून घ्या. विद्यापीठाबरोबरच्या करारात तर जळगाव लिहायलाही कुणाची हरकत नसावी.