छाती वरखाली होतेय, तरी मृत्यू कसा?

आयसीयूच्या दारात नातेवाइकांना सगळ्यात अवघड जातं ते हेच. अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसताहेत आणि डॉक्टर म्हणतात, माणूस गेला. हृदयाला धडधडायला मेंदूची आज्ञा लागत नाही. प्राणवायू मिळतोय तोवर ते काही काळ चालू राहतं. श्वासाची आज्ञा मात्र मेंदूच्या बुंध्यातून, मस्तिष्कस्तंभातून येते. तो कायमचा निकामी झाला की चालतो तो फक्त व्हेंटिलेटर. यालाच मेंदूमृत्यू म्हणतात. कोमात स्तंभाचं काम सुरू असू शकतं, म्हणून कोमा म्हणजे मृत्यू नव्हे.

आपल्याकडे या मृत्यूला मान्यता दिली ती १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या राज्यांत आधी लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते.

निदान एकट्या डॉक्टरच्या हातात नाही. रुग्णालयाचे प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतले स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूतज्ज्ञ आणि उपचार करणारे डॉक्टर अशा चौघांच्या सह्या लागतात. बेशुद्धी गुंगीच्या औषधांमुळे किंवा शरीर थंड पडल्यामुळे नाही ना, याची आधी खात्री करतात. मग डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकायचा, कानात बर्फाचं पाणी सोडून डोळे हलतात का ते बघायचं. शेवटची चाचणी श्वासाची: प्राणवायू देत राहून व्हेंटिलेटर सोडवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. श्वासकेंद्र जिवंत असेल तर त्या पातळीला छाती हललीच पाहिजे. हे सगळं किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा करतात. ‘अवयवांसाठी घाई केली’ ही शंका घेणाऱ्या प्रत्येकाला हे सहा तास माहीत असायला हवेत.

अवयवदानाच्या संमतीचा प्रश्न त्यानंतर. दानाचा अर्ज भरलेला असला तरी प्रत्यक्षात घरच्यांना विचारलं जातंच. दाता अठरा वर्षांखालचा असेल तर आई किंवा वडिलांची संमती हवी. होकार मिळाला की विभागीय समन्वय केंद्र प्रतीक्षायादीनुसार वाटप करतं. हृदय चार ते सहा तासांत बसवावं लागतं. अवयवांची खरेदी-विक्री केल्यास पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे.

मला खटकते ती एक उणीव. मेंदूमृत्यूची व्याख्या प्रत्यारोपणाच्याच कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यात तिचा उल्लेख नाही. त्यामुळे घरच्यांनी नकार दिला की त्याच रुग्णाचा व्हेंटिलेटर काढायचा की नाही, यावर डॉक्टर अडखळतात. मृत्यूची व्याख्या दानापासून वेगळी काढून सगळ्यांसाठी एकच करायला हवी.